तेजाब आणि तहजीब

बॅटरीला 'आप' म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. नांदेडच्या मोटार अड्ड्यामागे त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक पत्र्याची पडवी, तिच्यात ओळीनं मांडलेल्या मोटारींच्या बॅटऱ्या आणि कोपऱ्यात तेजाबाच्या, म्हणजे ॲसिडच्या, काचेच्या बरण्या. पहिल्यांदा मी तिथं गेलो तेव्हा ते एका बॅटरीवर वाकून अगदी हळुवारपणे विचारत होते, "आज आपकी तबियत कुछ ठीक नहीं दिखती." मला वाटलं, आत कुणी बाईमाणूस आजारी निजलं आहे. म्हणून मी दाराशीच चपला काढून, आवाज न करता उभा राहिलो. त्यांनी मान वर केली, मला पाहिलं, आणि तेजाबानं ओले झालेले हात तसेच उचलून मला सलाम केला. त्यातला एक थेंब माझ्या नव्या धोतरावर उडाला. धुतल्यावर तिथं हरभऱ्याएवढं भोक पडलं.

मी चाकूरकडचा. लातूरला शिकलो आणि नांदेडच्या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवायला लागलो. निजामाचं राज्य होतं, शाळेत सगळं उर्दूतून. घरी वर्तुळ म्हणायचं आणि वर्गात शिरलं की त्याचा दायरा करायचा, त्रिकोणाचा मुसल्लस. राहायला खोली पाहिजे होती, आणि चाचांच्या घराच्या माडीवर एक रिकामी होती. सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं, म्हणून मीही म्हणू लागलो. त्यांचं खरं नाव मला त्यांच्या दारावरच्या पाटीवरून कळलं असतं, पण पाटीवर तेजाब सांडून निम्मं नाव गेलेलं होतं, आणि विचारणं बरं दिसेना. तोवर त्यांचा गुण मलाही थोडा लागला होता.

चाचांना दोनच गोष्टी येत होत्या, बॅटरी आणि अदब. तिसरी गोष्ट, म्हणजे कुणाला 'नको' म्हणणं, त्यांना जन्मात जमली नाही. दुकानात एकच स्टूल होतं. एका सकाळी शेजारची शेळी त्यावर चढून बसली. शेळी स्टुलावर कशी बसली हे मला आजही सांगता येणार नाही, पण मी डोळ्यांनी पाहिली आहे. चाचा दुपारपर्यंत उभ्यानं काम करत राहिले. मी म्हटलं, "चाचा, हाकला की तिला." ते म्हणाले, "राहू द्या मास्तरसाब, बसलीय बिचारी." शेवटी शेळीच कंटाळून गेली.

शेळीचं ठीक आहे, माणसांचंही तसंच. एकदा न्हावी बोलत बोलत चुकला आणि चाचांची अर्धी मिशी उतरवून बसला. आरशात पाहून चाचा म्हणाले, फार छान, आता दुसरीही तेवढीच करा. घरी गेल्यावर चाचींनी पडद्याआडून जे काय ऐकवलं ते माडीवर मला शब्द न् शब्द ऐकू आलं. चाचींचं तोंड मी तीन वर्षांत कधी पाहिलं नाही, पण त्यांचा आवाज मी कुठंही ओळखला असता. घरात 'नक्को' हा शब्द वापरणारं माणूस तेवढंच होतं. त्या दोघांनाही पुरेल इतक्यांदा तो वापरत.

माझीही एक गोष्ट आहे, ती सांगायला आजही कान गरम होतात. त्या काळी मला बासरीचा नाद होता. नाद म्हणजे नादच, सूर नव्हे. रोज पहाटे उठून मी माडीवर तासभर फुंकायचो. चाचा रोज मला सांगायचे, क्या बात है, दिल खुश हो गया. मी दुसऱ्या दिवशी दीड तास फुंकायचो. पाच-सहा महिन्यांनी कळलं की मी बासरी उचलली रे उचलली की चाचा घरातून उठून नदीवर जातात आणि मी थांबल्यावर परत येतात. हे मला सांगितलं हणमंतमामानं. "मास्तर, तुमी वाजवा," तो म्हणाला, "चाचा माझ्याकडं येऊन बसत्यात, मला बी जरा सोबत व्हती." त्यानंतर मी बासरी ट्रंकेच्या तळाशी ठेवून दिली. तर चाचा दोन दिवसांनी काळजीनं विचारायला आले, तब्येत तर बरी आहे ना.

हणमंतमामा हा घाटावरचा भोई. गोदावरीच्या या तीरावरून त्या तीरावर माणसं न्यायची आणि आणायची, हे त्याचं काम. त्याचा बापही तेच करत होता, आजाही. चाचा आणि तो लहानपणापासूनचे दोस्त. एकानं जन्मात कुणाला 'ऊठ' म्हटलं नाही, दुसरा दिवसभर ओरडत असायचा, "सरकून बसा, त्या अंगाला बसा, पोरगं मांडीवर घ्या." दोघांचं कसं जमलं कोण जाणे, पण जमलं होतं खरं.

आता पेट्यांबद्दल सांगितलं पाहिजे, कारण चाचांची खरी कला ती. लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळेनासं झालं होतं, मोटारी कोळशाच्या गॅसवर धापा टाकत चालत होत्या. वीज गिरणीत होती आणि दोन-चार बंगल्यांत. बाकी गावाला कंदील. त्यामुळे कुणाला काही विजेवर चालवायचं असेल तर बॅटरी उचलून न्यायची आणि रिकामी झाली की पुन्हा भरायला आणायची. वकिलाच्या घरी रेडिओ, लग्नात कर्णा, कुठं काय. बॅटरी जड, त्यात तेजाब, हिंदकळलं की कपडा गेला, कातडी गेली. तेव्हा चाचा तिच्यासाठी सागवानी पेटी करायचे. आत एकही खिळा नाही, कारण तेजाब लोखंडाला खातं. सगळ्या लाकडी खुंट्या. आतून मेण आणि डांबराचा थर. झाकणाला बारीक भोकं, "त्यांना दम घ्यायला". दोन्ही बाजूंना सुती दोराचे कान, धरणाऱ्याचे तळवे सोलू नयेत म्हणून वर जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळलेली. चालू-बंद करायचा खटका पेटीच्या आत, झाकणाखाली, म्हणजे पाणी-पाऊस लागायला नको. मी एकदा म्हटलं, चाचा, बॅटरीसाठी एवढं कशाला, साध्या फळ्यांचा खोका पुरे. ते असे दुखावले की दोन दिवस माझ्याशी नेहमीपेक्षा जास्त अदबीनं बोलत होते.

त्या वर्षी पावसाळ्याच्या आधी हणमंतमामाचा खांदा गेला. उमरीच्या बाजाराला निघालेले बैल नावेत चढवत होते, त्यातल्या एकानं धडक दिली आणि उजवा हात खांद्यातून निखळला. हाड बसवणाऱ्यानं तो बसवला, पण वाकडा. हात छातीच्या वर जाईना. वल्हं मारायचं तर कसं? पावसाळाभर पुतण्यानं नाव चालवली आणि दिवाळीला तो मोटारीवर क्लीनर म्हणून निघून गेला.

घाटाचा गुत्ता, म्हणजे ठेका, ज्याच्याकडे होता तो गुत्तेदार वाईट माणूस नव्हता, हे मला आधीच सांगितलं पाहिजे. तो मामाकडे येऊन सरळ बोलला. पुढच्या महिन्यात तहसीलदारसाहेब सगळ्या नावांची पाहणी करणार आहेत. ज्याला आपली नाव आपल्या हातानं पलीकडे नेता येत नाही, त्याची घाटावरची पाळी जाणार आणि दुसऱ्याला मिळणार. "मामा, माझं तुमच्याशी वाकडं न्हाई," तो म्हणाला, "पण मधी धारंत हात सुटला अन् खालच्या दगडांवर नाव गेली, तर पंधरा माणसांचं मी कुणाला काय सांगू?" मी आणि चाचा तिथंच बसलो होतो. 

मामानं नावेकडे पाहिलं. मग म्हणाला, "घरी बसायला माझं घर बी नदीलाच तोंड करून हाय. रोज समोर पानी दिसंल अन् नाव दुसऱ्याची दिसंल. म्या काय करून राहू?" म्हातारा रडला वगैरे नाही. पण त्यानं ते असं विचारलं की आमच्यापैकी कुणी तरी काही तरी करणार आहे असं त्याला खरंच वाटत असावं.

चाचा उठले आणि गुत्तेदाराला म्हणाले, "नाव पलीकडे जाईल. हाताशिवाय जाईल. मी चालवून दाखवतो." बोलून झाल्यावर त्यांनाच घाम फुटला. गुत्तेदाराला खोटं पाडल्यासारखं झालं म्हणून त्यांनी लगेच त्याची माफीही मागितली.

एका मोडक्या मोटारीतला डायनॅमो चाचांकडे पडून होता. मोटार चालताना तो बॅटरी भरतो; उलट त्यालाच बॅटरी जोडली तर तो स्वतः फिरतो. हे मी शाळेत फळ्यावर शिकवलं होतं, पण प्रत्यक्ष फिरवून चाचांनी दाखवलं. त्याला एक लांब पोलादी सळई, सळईच्या टोकाला तांबटाकडून ठोकून घेतलेला पितळेचा तीन पात्यांचा पंखा. डायनॅमो नावेच्या मागच्या कडेवर, पंखा पाण्यात, आणि नावेच्या मध्ये पेटी, तिच्यात दोन बॅटऱ्या. मामानं डाव्या हातानं डायनॅमोला लावलेली मूठ धरून फक्त दिशा द्यायची.

पहिल्या दिवशी तारा उलट्या जोडल्या गेल्या. खटका दाबला तशी नाव पुढे जायच्या ऐवजी मागे निघाली आणि काठाशी डुंबत पडलेल्या म्हशींच्या कळपात शिरली. म्हशी उठल्या, गुराखी शिव्या देऊ लागला, धुणाऱ्या बाया पदर तोंडात धरून हसू लागल्या. चाचा नावेत उभे राहून सगळ्यांना सलाम करत होते, त्यात दोन-तीन सलाम म्हशींनाही गेले. मामा मात्र हसत नव्हता. तो म्हणाला, "पर चालली की नाव. मागं चालली म्हंजे पुढं बी चालंल." आणि तसंच झालं. पुढच्या पंधरा दिवसांत आम्ही ती नाव धारेच्या आडवी नेली, भरून नेली, रिकामी आणली. हळू जायची, पण जायची. आवाज म्हणाल तर फक्त एक बारीक गुणगुण, तीही कान दिला तर.

अर्ज लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी एका पानात तो उर्दूत नीट लिहिला. चाचांनी वाचला, आणि अत्यंत नम्रपणे सुचवलं की साहेबांच्या दर्जाला शोभेल असं थोडं वर घालावं. ते थोडं घालता घालता दोन पानं झाली. चौथ्या खेपेला अर्जात साहेबांच्या दौलतीची, औलादीची आणि इन्साफाची इतकी तारीफ झाली होती की नावेचा मजकूर शेवटच्या दीड ओळीत कसाबसा मावला. मला वाटलं हा अर्ज कोणी वाचणारच नाही. पण साहेबांनी तो वाचला असावा, कारण त्यांचा निरोप आला: ही नाव आम्ही स्वतः बसून पाहू.

साहेब हैदराबादचे. अंगानं भरदार, शिस्तीचे, दुधासारखी पांढरी शेरवानी आणि डोक्यावर लाल तुर्की टोपी. पाहणीच्या सकाळी घाटावर ही गर्दी. चाचांनी आदल्या दिवशी पेटीला मेणानं घासून अशी चमक आणली होती की तिच्यात तोंड दिसावं. एवढ्यावर थांबले असते तर पुढचं काही झालं नसतं. पण साहेबांसमोर पेटी उघडी कशी न्यायची, ही बेअदबी, म्हणून त्यांनी चाचींनी विणलेला पांढरा जाळीचा गिलाफ पेटीवर घातला. चाचींनी पडद्याआडून विचारलं होतं म्हणे, की बॅटरीच्या सामानाला गिलाफ कायकू? यावेळी चाचांनी ऐकलं नाही.

साहेब नावेत उतरले. नावेच्या फळ्या ओल्या होत्या. मध्यभागी मात्र एक चकाकतं, बैठकीच्या उंचीचं, पांढरा गिलाफ घातलेलं काही तरी ठेवलेलं होतं. कुणालाही जे वाटलं असतं तेच त्यांना वाटलं. ते तिकडे वळले, आणि चाचांकडे पाहून किंचित हसले. त्याच क्षणी चाचांच्या तोंडातून, पन्नास वर्षांच्या सवयीनं, शब्द बाहेर पडले, "तशरीफ रखिये, हुजूर."

साहेब पेटीवर बसले, पुढे तोंड करून, चांगले ऐसपैस.

गुत्तेदार त्यांच्या पायाशी फळीवर बसला. मी चाचांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मेणासारखा झाला होता. खटका झाकणाखाली, झाकणावर गिलाफ, गिलाफावर तहसीलदार. मी त्यांच्या कानाशी लागून म्हटलं, अहो सांगा ना त्यांना उठायला, दोन मिनिटांचं काम आहे. चाचा माझ्याही कानाशी लागले, "मास्तरसाब, मीच बसवलं. आपण बसवलेल्या माणसाला उठवायचं म्हंजे... न्हाई होत माझ्याच्यानं." मी म्हटलं, मग मी सांगतो. तर त्यांनी माझं मनगट धरलं. माझ्या पाहुण्याचा अपमान तुमच्या तोंडून नको, असं त्यांचं म्हणणं. मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की काय सांगू. एका माणसाचं सगळं आयुष्य पणाला लागलं आहे, आणि हे अदब घेऊन बसले आहेत.

"चलाइये," साहेब म्हणाले.

"जी हुजूर," चाचा म्हणाले आणि पेटीचं वर्णन करू लागले. सागवान कुठलं, खुंट्या कशा, मेण किती. साहेब मान डोलावत होते. हळूहळू मान डोलायची थांबली.

तेवढ्यात नाव हलली. मी मागे पाहिलं. हणमंतमामानं सगळं ओळखलं होतं. तो नावेच्या मागच्या टोकाला उभा राहून डाव्या हातानं बांबू टेकवत होता. काठ सुटल्यावर त्यानं बांबू खाली ठेवला, आवाज न करता वल्हं घेतलं, आणि ते उजव्या वाकड्या हाताच्या आधारानं मारू लागला. वल्हं पाण्यात घालताना थेंब वाजणार नाही इतक्या बेतानं. साहेबांची पाठ त्याच्याकडे. नाव पुढे चाललेली पाहून ते खूष झाले. "कमाल है," ते म्हणाले, "आवाज तक नहीं." गुत्तेदाराचं तोंड मागच्या बाजूला होतं. त्याला सगळं दिसत होतं. पण तो खाली मान घालून फळीवरची रेघ पाहू लागला. वाईट माणूस नव्हता, हे मी आधीच सांगितलं.

अर्ध्या नदीपर्यंत असं गेलं. मला वाटू लागलं की निभावतंय, म्हातारा नेतोय नाव. मग धार लागली. पावसाळा सरला होता, पण मधल्या धारेला अजून ओढ होती. नावेचं तोंड किंचित वळलं, मग आणखी वळलं. मी मागे पाहिलं तर मामाचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि ओठ दाताखाली गेला होता. खालच्या अंगाला दगडांची रांग होती, तिच्यावरून फुटणारं पाणी दिसू लागलं. नाव पूर्ण आडवी झाली आणि वाहू लागली.

"ये क्या हो रहा है?" साहेबांनी विचारलं.

 वल्हं पाण्यात पडल्याचा आवाज आला. मामा खांदा धरून खाली बसला होता. तो अगदी हळू म्हणाला, जणू चूक त्याचीच आहे, "चाचा, माझा हात सुटला."

चाचांनी मामाकडे पाहिलं. मग ते दोन पावलं पुढं गेले आणि त्यांनी तहसीलदारसाहेबांना दोन्ही बगलांत हात घालून उचललं. सागवानी पेट्या उचलून उचलून त्या हातांत किती जोर आला होता हे मला तोवर माहीत नव्हतं. "उठो वहाँ से," ते म्हणाले. साहेब उभे राहिले. राहिले म्हणजे केले गेले. नाव डुचमळली, साहेबांची लाल टोपी उडून पाण्यात पडली. चाचांनी गिलाफ ओढून फेकला, झाकण उघडलं आणि खटका दाबला.

बारीक गुणगुण सुरू झाली. मी धावत जाऊन मामाच्या डाव्या हातात डायनॅमोची मूठ दिली. एक-दोन क्षण काहीच झालं नाही, नुसती नाव वाहत राहिली. मग तिचं तोंड हळूहळू, अगदी नाइलाजानं फिरावं तसं, धारेकडे फिरलं. दगड डाव्या हाताला राहिले, मागे पडले. आम्ही तिरके तिरके पलीकडच्या काठाला लागलो.  साहेब सगळा वेळ उघड्या डोक्यानं उभे होते, आणि त्यांची टोपी लाल ठिपक्यासारखी खाली वाहत चालली होती.

काठावर उतरून साहेब निघून गेले. परतीला ते दुसऱ्या नावेत बसले.

पुढचे आठ दिवस चाचांसारखा दुःखी माणूस नांदेडात नसेल. बॅटरीवर नाव चालली, धारेतून निघाली, पाच माणसं वाचली, याचं त्यांना काहीच नव्हतं. त्यांना एकच दिसत होतं: आपण एका इज्जतदार माणसाला बगलेत हात घालून उठवलं, त्याला उघड्या डोक्यानं उभं केलं, आणि आपल्यामुळे आता हणमंतची पाळी जाणार. त्यातच साहेबांच्या धोब्यानं बाजारात सांगितलं की शेरवानी धुताना मागच्या अंगाला चाळणीसारखी भोकं पडली. झाकणाच्या भोकांतून तेजाबाची वाफ वर आली होती. साहेबांना बसायला आणि बॅटऱ्यांना दम घ्यायला एकच जागा होती. ही बातमी ऐकून चाचा जेवले नाहीत. चाचींचा आवाजही त्या आठवड्यात माडीवर आला नाही.

मी त्यांना घेऊन तीनदा साहेबांच्या बंगल्यावर गेलो. तिन्ही वेळा फाटकावरूनच परत पाठवलं. तिसऱ्या वेळी चाचा पहारेकऱ्यालाच म्हणाले, आपल्याला तसदी झाली, माफ करा. पहारेकऱ्यानं गोंधळून त्यांना पाणी दिलं.

मी चाचांना खूप बोललो त्या दिवसांत. अदब माणसासाठी असते, माणूस अदबीसाठी नसतो, आणि अशीच आणखी शहाणपणाची वाक्यं. ते शांतपणे ऐकून घ्यायचे. एकदा मात्र म्हणाले, "मास्तरसाब, तुम्ही बरोबर आहात. पण मला भीती वाटते. उद्या कुणी बसलं पेटीवर, तर मी पुन्हा न्हाई उठवू शकणार. त्या दिवशी हणमंतचं तोंड दिसलं म्हणून झालं. रोज थोडंच दिसतं?"  माझा राग तिथंच गेला. हा माणूस स्वतःला माझ्यापेक्षा चांगला ओळखत होता, आणि मी उगाच त्याला फळ्यावर शिकवत होतो.

नवव्या दिवशी सकाळी कचेरीचा शिपाई घाटावर कागद घेऊन आला. मी, चाचा आणि मामा पायऱ्यांवर होतो. गुत्तेदारही आला. मामाला वाचता येत नव्हतं, चाचा कागदाला हात लावेनात, म्हणून कागद माझ्याकडे आला. हुकूम उर्दूत होता. मी आधी मनात वाचला. मग मी तो मराठीत सांगितला.

"हणमंत भोई याची पाळी कायम. नाव बॅटरीवर चालते, हे आम्ही स्वतः उभे राहून पाहिले. शर्त एकच. पेटीवर कोणीही बसू नये, मग त्याचा दर्जा काहीही असो. कोणी बसल्यास त्याला उठवण्याची जिम्मेदारी पेटीवाल्याची नाही. ती या हुकमाची आहे."

गुत्तेदार मोठ्यानं हसला. चाचा हसले नाहीत. ते माझ्या हातातल्या कागदाकडे बघत राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, ते त्यांनी पुसलंसुद्धा नाही. त्यांना आयुष्यभर जे जमलं नव्हतं, ते कुणी तरी सरकारी शिक्का मारून आपल्या अंगावर घेतलं होतं. आठ दिवस ज्या माणसाच्या फाटकातून आम्ही परत येत होतो, त्यानं त्या एका फेरीत चाचांना पुरतं ओळखलं होतं. मला तीन वर्षं लागली होती.

 मामा दुखरा हात मांडीवर ठेवून नावेकडे पाहत होता. मग त्यानं माझ्या बाहीला हात लावला.

"मास्तर," तो म्हणाला, "ते शर्त-बिर्त राहू द्या. माझं नाव हाय ना, तेवढं पुन्यांदा वाचा."

मी पुन्हा वाचलं. "हणमंत भोई याची पाळी कायम."

"आनिक एकदा," मामा म्हणाला.